समुद्राची फळी

दिग्रसच्या मोटार स्टँडवर मला एक नाव पडलं होतं, ‘फळीवाले नायक’. पाच-सहा वर्षं ते चाललं. तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण माझा हात लवकर उठतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी पाठ वळवली की मागून यायचंच. ज्याच्यामुळे हे नाव पडलं तो माणूस कापसाच्या जिनाच्या गादीवर पंख्याखाली बसलेला असायचा, आणि खरं काय झालं ते त्याला माहीत होतं. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते तो कधी बोलला नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी तांड्यातला. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरले. त्या फिरण्याला आम्ही लदेणी म्हणतो. माझ्या आजाने ती केली. आगगाडी आली, रस्ते झाले आणि लदेणी बुडाली. बाच्या वाट्याला तिचं शेपूट आलं. जंगलातल्या ज्या गावांना रस्ता नव्हता तिथे तो दहा-बारा बैल घेऊन जायचा. पुढे तेही संपलं आणि आम्ही शेती करू लागलो. मी शेतीत रमलो नाही. कापसाची सरकी काढतात त्या जिनात हमाली केली, ट्रकवर क्लीनर झालो, ड्रायव्हर झालो, आणि पाच मालकांनी वापरून टाकलेली एक जुनी मोटार घासाघीस करून घेतली. घेताना त्या मोटारीला मी इतकी नावं ठेवली की विकणाऱ्यालाच ती नकोशी झाली. मग लोहाराकडून टपावर लोखंडी कॅरियर बसवून घेतलं. पुसद, यवतमाळ, उमरखेड, जिथे गिऱ्हाईक म्हणेल तिथे माणसं आत आणि सामान टपावर.

कॅरियर बसवलं त्या दिवशी बा तांड्यावरून मुद्दाम बघायला आला. मोटारीच्या इंजिनाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. टपावरून हात फिरवला, दांड्या हलवून बघितल्या आणि म्हणाला, “पाठ चांगली आहे.” बैलाची पाठ बघितल्यासारखं. मग मला गाठ मारून दाखवायला सांगितली. आमच्या घरची गाठ वेगळी असते. निरगाठ मारून झाली की दोराचं उरलेलं शेपूट दोनदा उलटं आत खोचायचं आणि त्याचं तोंड मागे ठेवायचं, म्हणजे चालताना काटेरी झुडपात अडकून ते ओढलं जात नाही. मी मारून दाखवली. बाने मान हलवली आणि जे तो मला लहानपणापासून सांगत होता तेच पुन्हा सांगितलं. कुठेही थांबलात, पाणी प्यायला का होईना, तर निघायच्या आधी प्रत्येक दोराला हात लावायचा. डोळ्याने बघून चालत नाही. हातच लावायचा.

पहिल्या तीन वर्षांत माझ्या टपावरून सुपारीचं खांडही पडलं नाही. लग्नाची भांडी नेली, शिवणयंत्रं नेली, एकदा तर यवतमाळहून आरशाचं कपाट आणलं. स्टँडवरचे इतर ड्रायव्हर माझ्यापेक्षा स्वस्तात जायचे, तरी नाजूक सामान असलं की लोक मला शोधत यायचे. “नायकाचा बोजा पडत नाही,” एवढंच म्हणायचे. माझ्यासारख्या माणसाला दुसरी इस्टेट नव्हती. मी सगळ्यांशी भांडत होतो आणि तरी मला काम मिळत होतं, ते त्या चार शब्दांवर.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. ज्या जिनात मी एके काळी हमाली केली तिथूनच मला बोलावणं आलं. मोठ्या शेठचा मुलगा अमेरिकेत शिकून परत आला होता. त्याला आम्ही छोटे शेठ म्हणायचो. सबंध दिग्रस कापसाने पांढरं झालेलं असताना हे छोटे शेठ जिनाकडे फिरकत नव्हते. त्यांना समुद्रावर जायचं होतं. अमेरिकेतला त्यांचा एक दोस्त विशाखापट्टणमला राहत होता. तिथे महिनाभर राहायचं, मग पुढे पुरीला, आणि उन्हाळ्यात मुंबईकडे. लांबच लांब फेऱ्या, आणि सगळ्या माझ्या मोटारीतून. ही पहिली फेरी नीट झाली तर जिनाच्या वर्षभराच्या बाहेरगावच्या फेऱ्याही मलाच मिळतील, असं मोठ्या शेठने स्वतः सांगितलं.

“सामान काय आहे?” मी विचारलं.

छोटे शेठ मला गोदामात घेऊन गेले. कापसाच्या गाठींच्या मागे भिंतीला एक फळी टेकवून ठेवली होती. नऊ-साडेनऊ फूट लांब, दोन फुटांवर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. रंग सायीसारखा. इतकी गुळगुळीत की तिच्यात खिडकी दिसत होती. एका टोकाला खालच्या अंगाने माशासारखा एक पंख.

“नाव हाय का ही?” मी विचारलं.

“नाव नाही.”

“मंग पाट? दरवाजा?”

“अरे नायक, इस पे खडे होते हैं. समुद्राच्या लाटेवर. लाट येते, आपण उभं राहायचं, लाट आपल्याला काठापर्यंत आणून सोडते.”

“आणि काठावर काय उतरवायचं?”

“काय म्हणजे? काही नाही. परत आत जायचं. परत दुसरी लाट.”

“बोजा काहीच नाही?”

“कसला बोजा?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते त्या फळीवरून असा हात फिरवत होते की चेष्टा नसावी. माझ्या आजाने, बाने आणि मी, आम्ही तीन पिढ्या काही ना काही वाहत आलो. चालणारी, तरंगणारी, ओढली जाणारी कुठलीही वस्तू असो, तिच्यावर काय लादता येईल हे आधी बघायचं, एवढंच आम्हाला माहीत. आणि हा माणूस सात समुद्रांपलीकडून एक अशी चीज घेऊन आला होता जिच्यावर काहीही लादायचं नसतं. जायचं आणि रिकामं परत यायचं. मला खरोखर धक्का बसला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “तुमाले नीट समजलं नसन.”

भाडं ठरवताना मी फळीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिच्यात जितकी खोट काढता येईल तितकी काढली. लांब किती, मोटारीच्या पुढे येते, मागे येते, वळणावर अडचण. शेठने माझा आकडा मान्य केला. मग मी उचलायला वाकलो. सागाच्या एवढ्या फळीला दोन माणसं लागतात, म्हणून मी अंगात सगळा जोर आणला आणि फळी फुलासारखी वर आली. मी मागच्या मागे गाठींवर जाऊन पडलो. हमाल हसले. छोटे शेठ तर पोट धरून हसले.

“आत काय हाय?”

“फोम. म्हणजे फेस.”

“साबणाचा?”

“तसाच. वाळवलेला. अब भाडा कम करोगे ना?”

“भाडं लांबीचं सांगतलं, शेठ. वजनाचं नाही,” मी म्हणालो. फेस ऐकून मी आतून हादरलो होतो, पण म्हणून भाडं सोडणाऱ्यांतला मी नव्हे.

निघायच्या सकाळी खरी घासाघीस झाली, ती बांधण्यावरून. शेठकडे अमेरिकेचे दोन पट्टे होते, कमरेच्या पट्ट्यासारखे, बकलवाले. तेवढे आवळले की झालं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, माझ्या टपावर माझे दोर. दोन आडवे, एक शेपटाकडून मागे, आणि एक पुढच्या टोकाकडून खाली बंपरला. पुढच्या दोरावर ते अडून बसले. दोर समोरच्या काचेवरून येतो, दिसायला घाण, आणि अंबाडीचा दोर घासून फळीची चमक जाईल.

“शेठ, चालत्या मोटारीतून हात बाहेर काढून पाहा,” मी म्हणालो. “पंजा जरासा वर केला का वारा हात उचलून देते. ही फळी तर सारी पंजाच हाय. वजन असतं तर मी एवढा बोललो नसतो.”

“आणि ओरखडा पडला तर?”

“दोराखाली पोतं घालतो. ओरखडा पडला तर एक पैसा भाडं देऊ नका.”

जिनाच्या आवारात हमाल होते, गाडीवान होते, तराजूवरचा दिवाणजी होता. सगळ्यांच्या देखत हा सौदा झाला आणि सगळ्यांच्या देखत मी चारही दोर बांधले. छोटे शेठचं तोंड उतरलं होतं. ड्रायव्हरसमोर माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात त्यांना आठवलं की फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण चोळलेलं असतं आणि उन्हाने ते वितळेल. घरातून एक पांढरीशुभ्र चादर आली. ती फळीभोवती गुंडाळून मी चारही गाठी पुन्हा आवळल्या. पांढऱ्या चादरीत, लांबोळकं, चार ठिकाणी दोराने बांधलेलं. त्या वेळी मला त्यात काहीच दिसलं नाही. बोज्याकडे मी दोराच्या हिशेबाने बघतो, दुसऱ्या कशाच्या नाही.

दिग्रस सोडून आम्ही आर्णीच्या रस्त्याला लागलो. थंडी होती. रस्त्याने कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, चालल्या होत्या. एक बंडीवाला आम्हाला बघून बाजूला झाला आणि त्याने हात जोडले. पुढे शेतात वेचणी करणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. सायकलवरचा एक मास्तर तर खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला.

“तुमाले लय मान हाय शेठ इकडं,” मी म्हणालो.

छोटे शेठ खूश झाले. खिडकीतून हात बाहेर काढून हलवू लागले. ज्यांच्याकडे बघून ते हसत हात हलवत होते त्या लोकांच्या तोंडावर जे भाव येत होते ते मला जरा चमत्कारिक वाटले. पण मी जास्त विचार केला नाही.

आर्णीला चहासाठी हॉटेलासमोर मोटार उभी केली. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून धावतच आला.

“नायक, गाडी पुढं घ्या, पुढं घ्या! इथं दारात नोका लावू.”

“काहून?”

“सक्काळची बोहनी नाही झाली अजून. मयत घेऊन दारात उभे राह्यता?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी टपाकडे पाहिलं. दिग्रसपासून इथपर्यंत जोडलेले सगळे हात मला एकदम आठवले. आत छोटे शेठ अजून हसऱ्या तोंडाने बसले होते.

“मयत नाही बाप्पा, फळी हाय ती.”

“फळीले चादर काहून घातली?”

“ऊन लागू नाही म्हणून.”

“फळीले ऊन लागते?” त्याने बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. “ऐका! फळीले ऊन लागून राह्यलं!”

बाकावरची एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “कोनाचं लेकरू होतं वं माय! लय उंच होतं.”

मला चादर सोडून दाखवता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण शेठने बजावलं होतं की फळी उघडायची नाही, आणि माझ्या टपावर काय आहे ते एका चहावाल्याला उघडून दाखवायचं मला जड गेलं. शेवटी मी मोटार हॉटेलाच्या मागे, वळणापलीकडे लिंबाच्या झाडाखाली नेऊन लावली. शेठ म्हणाले, “मी इथेच बसतो, चहा इथे आण.” मी चहा आणायला परत गेलो, तर हॉटेलवाला म्हणाला, मयताच्या गाडीवर पेला जाणार नाही, तुम्ही प्या पण बाहेर बसून. तिथे माझं डोकं फिरलं. त्याच्या हॉटेलापासून त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत मी सगळ्यांचा उद्धार केला. तोही काही कमी नव्हता. माणसं जमली. कोणी म्हणालं, जाऊ द्या, दुःखाच्या वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसते. त्यावर तर मी आणखीनच पेटलो. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं, आणि चहा न घेताच मी तणतणत मोटारीकडे आलो.

शेठ आत बसले होते. रुमालाने बोटं पुसत होते. “चलो,” एवढंच म्हणाले. मी दार आपटलं, मोटार चालू केली आणि निघालो. रागात होतो. नेहमीपेक्षा वेगात होतो.

आर्णीपासून यवतमाळच्या बाजूला पाच-सहा मैलांवर एक उतार आहे. समोरून वारा होता. पुढे कापसाची एक बंडी चालली होती. मी भोंगा वाजवला आणि तिला मागे टाकलं. तेवढ्यात टपावर कोणीतरी उठून बसावं असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर फळी चादरीसकट सरळ उभी राहिलेली. पांढरी, माणसापेक्षा उंच. क्षणभर ती तशीच आमच्यासोबत आली, मग उडाली.

मी ब्रेक दाबला. मागून बंडीवाल्याची आरोळी आली, “मुडदा उठला! मुडदा उडाला!” आणि तो बंडीवरून उडी टाकून तुरीच्या शेतात पळत सुटला.

मी उतरलो. फळी रस्त्याच्या कडेला पडली होती. तिचं पुढचं टोक फुटून आतला पांढरा फेस बाहेर दिसत होता. म्हणजे ते खरं होतं, आत फेसच होता. पण माझं लक्ष फळीकडे नव्हतं. बंडीचा डावा बैल मान वाकडी करून उभा होता. त्याच्या शिंगाची खोळ अर्धी उपटून लोंबत होती आणि रक्त कानावरून, डोळ्यावरून खाली गळत होतं. तो ओरडत नव्हता, धडपडत नव्हता. नुसता उभा होता आणि त्याची कातडी थरथरत होती.

मी बंडीतला कापूस ओरबाडून काढला, शिंगाच्या मुळाशी दाबून धरला, चादर टराटरा फाडली आणि पट्ट्या आवळल्या. हात रक्ताने भरले. बंडीवाला हळूहळू परत आला. लांबूनच फळीला खडा मारून पाहिला आणि मग बैलाच्या गळ्यात पडून रडायला लागला. “काय केलं रे नायक, काय केलं! बांधता येत नाही तर वाह्यता कायले?”

बांधता येत नाही! हे मला माझ्या आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

मी मोटारीकडे गेलो. पुढच्या बंपरला माझी गाठ जशीच्या तशी होती, शेपूट मागे, दोनदा खोचलेलं. तिच्यापासून दोर लांब जमिनीवर लोळत होता. त्याचं दुसरं टोक मी हातात घेतलं. धागा निघालेला नव्हता, घासलेलं नव्हतं. दोर तुटला नव्हता. सुटला होता. मग टपावर पाहिलं. शेपटाकडचा दोर आणि आडव्या दोरांपैकी एक फळीसोबत निघून गेले होते. दुसरा मागच्या दांडीला लटकत होता आणि त्यावर एक गाठ होती, सैल, सशाच्या दोन कानांसारखी. बुटाची नाडी बांधतात तशी.

तांड्यात कोणी बूट घालत नव्हतं. मीही चपलेतला माणूस. त्या मोटारीत बूट एकाच्याच पायात होते.

“शेठ,” मी म्हणालो, “तुमी दोर सोडले होते.”

“मैंने? मैंने हाथ भी नहीं लगाया.”

त्यांच्या पँटच्या गुडघ्याला अंबाडीचे दोन-तीन पिवळे तंतू चिकटले होते. मी ते बोटाने दाखवले. त्यांनी खाली पाहिलं, झटकले आणि म्हणाले, “ओरखडा पडला की नाही ते बघत होतो. हात नाही लावला. तू बांधलंस, सगळ्यांनी पाहिलंय.”

माणूस इतक्या जवळून, डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलू शकतो याचा मी तोवर अनुभव घेतला नव्हता असं नाही. सौद्यात मीही बोललो आहे. पण ते भावतावातलं खोटं. रक्ताने भरलेला बैल समोर उभा असताना बोललेलं नाही. मी, ज्याला एका चहावाल्याशी वीस मिनिटं भांडता येतं, तो तिथे फुटलेली फळी उचलायला वळलो.

बैलाच्या इलाजासाठी शेठने बंडीवाल्याला काही दिलं. मग मोटार वळवून आम्ही दिग्रसला परत आलो. जिनाच्या आवारात सकाळचीच माणसं होती. मोठ्या शेठने फुटलेली फळी पाहिली, मुलाचं ऐकलं, आणि मला विचारलं, “बोजा कोणी बांधला होता?”

“मी.”

“मग पडला कसा?”

“गाठ माझी नव्हती, शेठ.”

“बाबूजी, मैंने हाथ भी नहीं लगाया,” छोटे शेठ म्हणाले.

दिवाणजी म्हणाला, “आमच्या सगळ्यांच्या देखत यानेच बांधलं. दोरावरून भांडला कितीतरी.” हमाल खाली बघत होते. त्यातला एक, माझ्यासोबत ओझी उचललेला, जाताना हळूच म्हणाला, “नायक, होते एकेकदा.” मला दिवाणजीपेक्षा त्याचा जास्त राग आला.

जिनाच्या फेऱ्या गेल्या, हे सांगायला नको. पण त्याहून वाईट ते स्टँडवर झालं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या दिग्रसला कळलं होतं. “काय नायक, मुडदा पोचला का समुद्रावर?” आणि मग, “याचा बोजा पडला म्हणते.” ते चार शब्द, ज्यांच्यावर माझी चूल पेटत होती, कोणीतरी उलटे करून माझ्या अंगावर फेकले होते.

मी दोर काढून घेतले, सशाच्या कानांची ती गाठ न सोडता तशीच ठेवली आणि मोटार घेऊन तांड्यावर गेलो. माझा विचार पक्का होता. बाला उद्या सकाळी जिनात न्यायचं. दोन्ही गाठी मोठ्या शेठसमोर ठेवायच्या. बाचं वय, त्याचं पागोटं, त्याची लदेणी, सगळा मुलूख त्याला ओळखत होता. त्याने एकदा म्हटलं की ही गाठ आमच्या घरची नाही, तर दिवाणजीचं काही चाललं नसतं. हमाल बोलले असते. स्टँड बोललं असतं.

बा अंगणात बसला होता. दिवस मावळायला आला होता. मी सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, “बैल उभा आहे ना?”

“उभा आहे. कापूस दाबून बांधलं.”

“खोळ पुन्हा येईल. पण त्या बाजूने तो आता बिचकेल.” मग त्याने दोर मागितले. बंपरचा दोर बोटांत फिरवला, टोक नाकाशी नेलं. सशाचे कान पाहिले आणि एक कान ओढला. गाठ पाण्यासारखी विरघळली. गाठ गेली, पण बाने ती पाहिली होती. मला हसू आलं, इतक्या वेळात पहिल्यांदा.

“ही आपली नाही,” बा म्हणाला. “तुटला नाही दोर. सोडला कोणीतरी, आणि बांधता न येणाऱ्याने बांधला.”

“हेच उद्या शेठपुढे सांगायचं, बा. एवढंच.”

“सांगतो की.” त्याने दोराची वळी घातली आणि माझ्या हातात दिली. “आर्णीहून निघताना हात लावला होतास?”

तो काही आवाज चढवून बोलला नव्हता. पाऊस किती झाला विचारावं तसं विचारलं होतं. मला दिसलं ते सगळं: लिंबाचं झाड, माझं तणतणत येणं, आपटलेलं दार. टपाकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यात चहावाला होता. एवढ्या वर्षांत एकही मुक्काम असा गेला नव्हता की मी दोराला हात न लावता निघालो. आणि त्याच एका दिवशी मी निघालो होतो. छोटे शेठने गाठ सोडली हे खरं. पण ती सैल गाठ माझ्या डोक्यावर, माझ्या हाताच्या अंतरावर होती, आणि माझा हात तिला लागला असता तर तो बैल आज आपल्या वाटेने घरी गेला असता.

मला त्या उडालेल्या फळीने जेवढं हादरवलं नव्हतं तेवढं या प्रश्नाने हादरवलं.

“नाही,” मी म्हणालो.

बाने मान हलवली. “येतो मी उद्या. पण मोठ्या शेठने हे विचारलं, तर तेही सांगीन.”

“तो काय विचारणार? त्याला काय माहीत दोराला हात लावायचं?”

“त्याला नसेल. बंडीवाला विचारेल, हमाल विचारेल. नाही विचारलं तरी मीच सांगीन. बोजा त्या पोराने नाही वाह्यला, तू वाहत होतास.”

सकाळी मी उठलो तेव्हा बा तयार होता. धुतलेलं धोतर, लाल पागोटं नीट बांधलेलं, हातात काठी. याडीने, माझ्या आईने, त्याला भाकर बांधून दिली होती. तो मोटारीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “चल.”

मी दार उघडलं, आत बसलो, किल्लीला हात न लावता थोडा वेळ खाटखूट केलं आणि बाहेर आलो.

“मोटार चालू होत नाही, बा,” मी म्हणालो. “आज नाही जमायचं.”

बाने माझ्याकडे पाहिलं. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या टपावर त्याने हात ठेवला, दांड्यांवरून फिरवला, आणि घरात जाऊन पागोटं सोडलं. पुन्हा कधी त्याने विषय काढला नाही, आणि मीही जिनात गेलो नाही. छोटे शेठ आपलं वाक्य बोलले नाहीत ते नाहीतच. त्या गोष्टीसाठी मी त्यांना आजही क्षमा केलेली नाही. स्टँडवर मागून ‘फळीवाले’ आलं की मी वळायचो, मूठ आवळायचो, आणि सांगायला तोंड उघडायचो की दोर मी सोडला नव्हता. मग पुढचा प्रश्न कोणता येईल ते आठवायचं, आणि मी मोटारीला टेकून विडी पेटवायचो.